तीनदा दिलेली हाळी

तेजल विटकरच्या मारुतीतात्याचं लग्न तीनदा मोडलं आणि चौथ्यांदा लागलं, ते साल दोन हजार एकेचाळीस. लागलं तेही सुखासुखी नाही. अक्षता वाटून झाल्या होत्या आणि ऐन वेळी मानाचा फेटा आधी कुणाला बांधायचा यावरून दोन्हीकडचे मामा एकमेकांच्या अंगावर धावून गेले. कुणाचा तरी पाय लागून आमटीचं पातेलं कलंडलं. नवरी आत बसून रडायला लागली. मारुतीतात्याने मुंडावळ्या वर सारल्या आणि म्हणाला, "चौथ्यांदा बी गेलं बघा."

तेव्हा तेजल उठली. भीमाकाठ विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती, आणि तिथल्या नेतृत्व विकास केंद्रात तिच्यापुढे कुणी नव्हतं. शिकवलं होतं तसंच तिने केलं. पाय घट्ट, खांदे सैल, एक लांब उच्छ्वास, सगळ्यांवरून सावकाश नजर, मग खालच्या आवाजात पहिलं वाक्य. विद्यापीठात एवढ्यावर भरलेला वर्ग गप्प व्हायचा.

नवरीचा मामा म्हणाला, "ही पोरगी फुसफुसतीया कशापायी? दमा हाय का हिला?"

सगळा मांडव हसला. तेजलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुढचं वाक्य तिला सुचेना. समोरचा माणूस तोंडावर 'नाही' म्हणतो तेव्हा काय बोलायचं, हे ती विसरूनच गेली होती.

मार्ग काढला तो तिच्या मैत्रिणीने. कस्तुरा हिंगमिरे तिच्याच वर्गातली, तिच्याच खोलीतली. बापाचा मंगळवेढ्याकडे मांडवाचा धंदा, त्यामुळे पोरगी मांडवातच वाढलेली. ती दोन्ही मामांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "आधी कुणालाच नाही! दोघांनाही नाही! मांडवाच्या झालरीचं कापड आणा." लांबलचक केशरी कापडाच्या दोन टोकांनी दोन मामांना एकाच वेळी फेटे बांधले गेले. मधल्या कापडाने दोघं दावणीच्या बैलांसारखे एकमेकांना जोडलेले. मांडव पुन्हा हसला, या वेळी त्यांच्यावर, आणि लग्न लागलं.

रात्रीच्या एसटीत कस्तुरा म्हणाली, "कानामागची पट्टी काढली की तू आमच्यासारखीच हायस गं. उलट थोडी कमीच."

तेजल दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

पट्टी म्हणजे सूरपट्टी. कानामागे बसणारी, चिंचोक्याएवढी. तिच्यामागचं शास्त्र अवघड नाही. माणसं एकत्र काम करतात, गातात, ओझं उचलतात, तेव्हा त्यांचे श्वास हळूहळू जुळतात आणि श्वासामागे काळजाचे ठोकेही. ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्या श्वासामागे आपला श्वास जातो. आता मेंदूतून निघून काळजापर्यंत आणि पोटापर्यंत उतरणारी एक लांब नस आहे. माणूस घाबरतो तेव्हा काळीज धडधडतं, पोटात गोळा येतो. निवांत होतो तेव्हा याच नसेतून काळजाला सबुरीचा निरोप जातो. त्या नसेची एक बारीक फांदी कानात वर येते. तिथे अगदी हलका विजेचा स्पर्श केला, तोही नेमका श्वास सोडताना, तर काळीज संथ होतं आणि पोटातला गोळा विरतो.

केंद्राच्या संचालक डॉक्टर शर्वरी नाडगौडांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. गटात एकाची पट्टी पुढाऱ्याची, बाकीच्यांच्या मागे चालणाऱ्या. पुढाऱ्याने श्वास सोडला की बाकीच्यांच्या पट्ट्या त्याच क्षणी कानाला स्पर्श करायच्या. त्याचं बोलणं ऐकताना सगळ्यांना आतून बरं वाटायचं. किती श्वास जुळले त्यावर पुढाऱ्याला गुण मिळत. त्या गुणांना 'सूर' म्हणत.

"ही पट्टी कुणाच्या डोक्यात विचार घालत नाही," नाडगौडा मॅडम पहिल्या तासाला सांगायच्या. "फक्त काळीज जागेवर ठेवते. मी तुमच्या वयाची असताना बैठकीत तोंड उघडलं की पुरुष खुर्च्या सरकवायला लागायचे. माझं म्हणणं बरोबर असायचं, पण ऐकायला कुणी थांबायचं नाही. तुमच्यातल्या एकाही मुलीवर ती वेळ येऊ नये म्हणून हे केलंय."

बाई लबाड नव्हत्या. खोटं बोलणाऱ्याला कधीतरी पकडता येतं. ज्याला स्वतःचंच खरं वाटतं त्याला कोण पकडणार?

तेजलने त्यांना एक गोष्ट दिली होती, तिच्या घरातली. विटकर म्हणजे वडार, पिढ्यानपिढ्या दगड फोडणारी माणसं. तिचा आज्जा यल्लप्पा ज्या खाणीवर होता तिथे सुरुंगाला बत्ती देण्याआधी मुकादम तीनदा हाळी द्यायचा, "हाय का कुणी?" त्यावर कुणीही 'थांब' म्हणू शकायचं. बाई, म्हातारा, पाटी वाहणारं पोर, कुणीही. एकदा 'थांब' आलं की बत्ती बंद. आणि थांब म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, हा तिथला कायदा. कारण विचारलं की माणूस लाजतो आणि पुढच्या वेळी गप्प बसतो.

मॅडमना हे फारच आवडलं. त्यांनी केंद्राच्या नियमांतच घातलं: कोणतंही काम सुरू करण्यापूर्वी गटप्रमुखाने तीनदा हाळी द्यावी. भिंतीवर फलक लागला. खाली लिहिलं, 'संकल्पना: तेजल विटकर'. तेजलने त्याचा फोटो आज्जाला दाखवला. त्याने डोळे बारीक करून पाहिलं.

"हाळी खाणीत देत्यात. हितं कशाला?"

"सगळ्यांचं मत घ्यायला, आज्जा."

"आन कुणी थांब म्हनतं का?"

"एक कस्तुरा सोडली तर कुणीच नाही! आमचा गट तेवढा एक आहे."

म्हातारा तंबाखू मळत राहिला.

तेजल ज्या गटाची प्रमुख होती, त्याचा सूर खाली ओढायची ती एकटी कस्तुरा. ती पट्टी घालायचीच नाही. कधी विसरली म्हणायची, कधी कान सुजला म्हणायची. नन्नाचा पाढा लहानपणापासून तोंडपाठ. कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती पाठ धरून हलवून बघायची. मांडववाल्याची पोर, मोडक्या खुर्च्यांनी पडलेली माणसं तिने पाहिली होती. नव्या कोऱ्या सभागृहातली, जमिनीला ठोकलेली खुर्चीसुद्धा हलवायची. पोरं हसायची.

ऑक्टोबरात शिबिर ठरलं. ज्या गटाचा सूर सर्वांत वर, त्याचा प्रमुख विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळावर बसणार, कुलगुरूंच्या टेबलाशी. विटकरांच्या सात पिढ्यांनी अशा इमारतींचे पाये भरले होते. आत खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. तेजलला झोप लागेना.

"कस्तुरे, फक्त शिबिरापुरती घाल गं."

"नाही."

"माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी म्हणूनच नाही. ती घातली की तू काहीही बोललीस तरी मला गोड लागतं. मला तू अशी नको. मला भांडणारी तेजी पाहिजे."

"म्हणजे मी मागेच राहायचं? तुझ्या बापाचा धंदा आहे, तू परत जाशील. मी कुठं परत जाऊ, खाणीत?"

कस्तुरा उठली. तिने उशीखालून पट्टी काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि कानामागे लावली.

"घे. पण माझा 'नाही' सांभाळून ठेव तुझ्याजवळ. शिबिर झालं की परत लागंल मला."

शिबिर बंद पडलेल्या एका खाणीत होतं. खाणीच्या तळाला दगडी कट्टा बांधायचा आणि दुपारी पट्टी बघायला जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे पाहुणे आले की त्यावर उभं राहून भाषण करायचं, असं काम. आठवडाभर परतीचा पाऊस झोडपून गेला होता. त्या दिवशी ऊन होतं. बांधायला हवे तसे चपटे दगड एकाच जागी पडले होते, उत्तरेकडच्या उभ्या कड्याच्या पायथ्याशी.

तेजल वडाराची पोर. तिने कडा पाहिला. वरच्या अंगाला मातीची ओली रेघ होती आणि तिच्यातून बारीक खडे सुटत होते, कुणी वर बसून मूठमूठ टाकावेत तसे. तिच्या पोटात कळ आली. तिने मागे वळून गटाकडे पाहिलं. सगळे शांत. इम्तियाज शिकलगार, जो पालीला भितो, तोही शांत. आणि कस्तुरा, जी जमिनीला ठोकलेली खुर्ची हलवते, ती हसऱ्या चेहऱ्याने दगडाला टेकून उभी. दगड हलवून न बघता.

एवढे सगळे निवांत आहेत, म्हणजे आपलीच भीती खोटी, असं तेजलला वाटलं. तिने लांब श्वास सोडला. त्याबरोबर सगळ्यांच्या कानामागे सबुरीचा निरोप गेला. ते आणखी शांत झाले. त्यांचे चेहरे पाहून ती शांत झाली. आरशासमोर आरसा धरावा तशी ती शांतता नुसतीच खोल खोल गेली. तिच्या तळाशी कुणीच नव्हतं.

तरी तिने हाळी दिली. नियम होता, आणि घराण्याची रीत होती.

"हाय का कुणी?"

खडे पडत होते.

"हाय का कुणी?"

कुणी काही बोललं नाही.

"हाय का कुणी?"

"चल की गं," कस्तुरा म्हणाली. "कशाची वाट बघतीस?" आणि तीच सगळ्यांत पुढे गेली.

कडा कोसळताना मोठा आवाज झाला नाही. ओल्या मातीचा आवाज बसका असतो. बाकीचे मागे होते म्हणून वाचले. इम्तियाजचा हात मोडला. कस्तुराला बाहेर काढायला यंत्र आणावं लागलं, आणि यंत्र येईपर्यंत तेजल हाताने माती उपसत होती आणि घसा फुटेस्तोवर 'थांब, थांब' ओरडत होती. आता त्या शब्दाला काही किंमत नव्हती.

चौकशी झाली, तीही केंद्राच्या वातानुकूलित खोलीत, काचेचे पेले मांडून. नाडगौडा मॅडमचे डोळे सुजलेले होते, पण बोलणं सुटं होतं.

"नोंदी स्वच्छ आहेत. तीनदा हाळी दिली गेली. एकाही सदस्याने आक्षेप घेतला नाही. त्या क्षणाचा सूर केंद्राच्या इतिहासात सर्वोच्च आहे. तेजल, तुझी चूक नाही, हे मला तुला स्पष्ट सांगायचंय."

"सर्वोच्च," तेजल म्हणाली.

"हो."

"मॅडम, ती घाबरली होती का? तुमच्या नोंदीत तेवढं दिसतं का?"

मॅडमनी कागद उलटला. मग म्हणाल्या, "सुरुवातीला ठोके वाढलेले दिसतात. सगळ्यांचेच. नंतर खाली आलेत."

"खाली आले नाहीत. आपण आणले. तिचं शरीर तिला 'पळ' सांगत होतं आणि तुमच्या पट्टीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. आणि तो हात माझा होता!"

"तू आत्ता दुःखात आहेस. पट्टी लावतेस का जरा? बरं वाटेल."

तेजलने काचेचा पेला भिंतीवर फेकला. आयुष्यात पहिल्यांदा तिने परक्याची वस्तू फोडली होती.

आज्जा वसतिगृहाच्या पायरीवर बसला होता. तिला पाहून उठला नाही.

"हाळी दिलीस?"

"दिली. तीनदा."

"कानामागं ते असताना?"

"हो."

यल्लप्पा विटकरने आयुष्यात नातीवर हात उगारला नव्हता, त्या दिवशीही उगारला नाही. पण त्याचा आवाज आख्ख्या वसतिगृहाने ऐकला. "मग ती हाळी कशी झाली गं? तोंडं शिवून इचारतीस, हाय का कुणी? आमच्या खाणीत पोरगं थांब म्हनायचं ते भ्यायचं म्हनून! भ्या हुतं म्हनून मी जित्ता हाय. तू त्यांचं भ्या काढून घेतलंस आन वर आमची रीत मिरवलीस!" मग तो खाली बसला आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "मी बी बोललो न्हाई. तवाच. फोटू दावलास तवा बोलाया पायजे हुतं."

आठवड्याने शोकसभा ठेवली. सभागृह गच्च. दारात स्वयंसेवक प्रत्येकाच्या कानामागे पट्टी आहे ना ते पाहत होते. विद्यार्थ्यांना आधार मिळावा, असं कारण. तेजलने व्यासपीठावरून दोन मिनिटं शांतता पाळायला सांगायची, एवढंच तिचं काम. पहिल्या रांगेत कस्तुराचे आईवडील बसले होते. तेजलला पाहून तिच्या आईने तोंड फिरवलं.

व्यासपीठावर खुर्ची होती. तेजलने तिची पाठ धरून हलवली. सभागृहात कुणीतरी हुंदका दिला आणि मध्येच थांबला. अर्धवट. पट्टीने थांबवला.

तो अर्धा हुंदका ऐकला आणि तेजलने स्वतःची पट्टी काढून जमिनीवर टाकली, टाचेने रगडली.

"काढा," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. तिच्या आवाजात आता काही जादू नव्हती. मांडवातल्यासारखीच ती पुन्हा एक फुसफुसणारी पोरगी झाली होती. पण या वेळी ती बसली नाही.

"काढा म्हणते! तिच्यासाठी रडायचं तरी धड तुमच्या मनानं रडा! शांतता कसली पाळताय? शांततेनंच मारलंय तिला!"

मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बस!" आणि तेजलला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं एवढं बरं वाटलं. कुणीतरी 'नाही' म्हणालं होतं.

मग गळ्यात हात बांधलेला इम्तियाज उठला. एका हाताने त्याने पट्टी उपटली. क्षणभर नुसता उभा राहिला, आणि मग त्याचे पाय थरथरायला लागले. "मला खडे दिसले होते," तो म्हणाला. "तेजल, मला खडे दिसले होते गं. मला वाटलं, सगळे शांत आहेत..."

"मलाही दिसले," दुसरी उठली.

"मलाही."

गटातला एकेक उठत गेला. सगळ्यांना दिसले होते. एकेक पट्टी निघत गेली तसं सभागृह खवळत गेलं. रडणं, शिव्या, खुर्च्यांचे आवाज, पहिल्या रांगेत कस्तुराच्या आईचा फुटलेला टाहो. नाडगौडा मॅडम व्यासपीठाकडे धावल्या. "मुलांनो, शांत व्हा, कृपा करून शांत व्हा!" त्यांचे केस विस्कटले होते, आणि सगळ्यांना दिसलं की त्यांच्या कानामागे काहीच नव्हतं.

"मॅडम, तुमची पट्टी?" तेजलने विचारलं.

"मी... संशोधकाने घालायची नसते. निर्णय घेताना डोकं ठिकाणावर..." आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं. त्या तिथेच पायरीवर बसल्या.

तेजल व्यासपीठाच्या कडेला आली. तिचा घसा बसलेला होता, श्वास लागला होता, पाय कापत होते. कुठल्याही केंद्रात असा पुढारी शिकवत नाहीत. तिने सगळ्या ताकदीने हाळी दिली.

"पुढच्या सत्रापासून ही पट्टी जिल्ह्यातल्या सगळ्या महाविद्यालयांत लावणार आहेत. हाय का कुणी?"

"थांब!" इम्तियाज ओरडला. मग त्याच्या शेजारचा. मग अख्खं सभागृह. पण एका सुरात नाही, कुणी आधी, कुणी मागून, कुणी रडत, कुणी मूठ आपटत. शेवटी सगळे गप्प झाल्यावर कस्तुराचे वडील एकटेच म्हणाले, "थांब." हळूच, मांडवाचा दोर सैल झाल्यावर वर चढलेल्या माणसाला खालून सांगावं तसं.

त्यांना कुणी कारण विचारलं नाही.

त्या वर्षी पट्टी त्या जिल्ह्यात थांबली. दुसरीकडे ती वेगळ्या नावाने चालू आहे, आणि तिला पुरस्कार मिळाला आहे. तेजल कार्यकारी मंडळावर बसली नाही. ती जिथे जाते तिथे आधी खुर्ची हलवून बघते. कस्तुराने सांभाळायला दिलेला 'नाही' तिच्याजवळच राहिला आहे.

कस्तुरा बापू हिंगमिरे चौदा ऑक्टोबर दोन हजार एकेचाळीस रोजी, सोमवारी, दुपारच्या जेवणाआधी वारली. ती वीस वर्षांची होती.